लग्न नाही, पण घर दोघांचं: एका फ्लॅटच्या वाटणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुणे महापालिकेच्या हद्दीतला, पूर्वेकडच्या उपनगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट. दोघं सहा वर्षं त्यात एकत्र राहिले, लग्न केलं नाही. मूल नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये वेगळं व्हायचं ठरलं आणि तो मित्राकडे राहायला गेला. भांडण होतं, मारहाण किंवा धमकी नव्हती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा जवळच्या आकड्यात आणल्या आहेत.

फ्लॅट २०१८ साली तयार ताब्याचा घेतला. करारातली किंमत ६२ लाख, स्टँप ड्युटी त्यावेळच्या ६ टक्क्यांनी ३.७२ लाख, नोंदणी फी ३० हजार. म्हणजे घर पडलं ६६.०२ लाखांना. त्यातलं ४६ लाखांचं गृहकर्ज दोघांच्या नावे, वीस वर्षांसाठी. उरलेल्या २०.०२ लाखांपैकी १४ लाख तिने घातले, ६.०२ लाख त्याने. खरेदीच्या दस्तावर दोघांची नावं होती, पण कोणाचा हिस्सा किती हे त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. बहुतेक दस्तांत ते नसतंच, आणि पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू झाला.

हप्ता ४०,२०० रुपये, संयुक्त खात्यातून जाणारा. दोघं निम्मे-निम्मे भरत. करोनाच्या काळात त्याची नोकरी गेली आणि सलग ११ महिने पूर्ण हप्ता तिने एकटीने भरला. फर्निचर आणि मॉड्युलर किचनचे साडेपाच लाख झाले होते. त्यातले चार लाख त्याचे, दीड लाख तिचे.

अडचण नेमकी कुठे होती

तिला घर ठेवायचं होतं, त्याला पैसे हवे होते. इथवर दोघांचं जमत होतं. पण तिच्या मते "डाउन पेमेंट माझं जास्त, करोनात हप्ते मी भरले, म्हणून साठ टक्के घर माझं." त्याच्या मते "दस्तावर दोघांची नावं आहेत, म्हणून निम्मं माझं." किंमतीवरही एकमत नव्हतं. तो जाहिरातीतल्या भावावर बोट ठेवून १ कोटी ५ लाख म्हणत होता, ती ८८ लाखांच्या वर जायला तयार नव्हती.

याहून मोठी अडचण दोघांच्या लक्षातच आलेली नव्हती. सहा वर्षांचा संसार असला तरी मालमत्ता, स्टँप आणि आयकर या तिन्ही कायद्यांच्या लेखी ते दोघं एकमेकांना परके होते. नवरा-बायकोला मिळणारी एकही सवलत त्यांना लागू नव्हती. कुटुंब न्यायालयात मालमत्तेचा वाद नेता येतो तो विवाहातल्या पक्षांना. यांना दिवाणी न्यायालयातच जावं लागलं असतं. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मात्र 'विवाहसदृश' नात्यालाही लागू होतो. असं नातं कोणतं, याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली वेलुसामी आणि २०१३ साली इंद्रा सर्मा प्रकरणात सांगितल्या. हिंसा झाली असती तर तिला त्या कायद्याखाली घरात राहण्याचा हक्क मागता आला असता. इथे तो प्रश्न आला नाही, पण हे तिला माहीत असणं गरजेचं होतं आणि तिच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत ते सांगितलं.

मग हिस्सा ठरवायचा कशावर? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२च्या कलम ४५मध्ये याचं उत्तर आहे. दोघांनी आपापल्या वेगळ्या पैशातून मिळून मालमत्ता घेतली असेल, तर वेगळा करार नसताना ज्याने जितका मोबदला दिला त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. कोणी किती दिले याचा पुरावा नसेल, तर हिस्से समान धरायचे. म्हणजे तिचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, त्याचंही नव्हतं. प्रश्न पुराव्याचा होता, आणि तिने २०१८ची बँक स्टेटमेंट जपून ठेवली होती.

घर तिच्या एकटीच्या नावावर असतं आणि त्याने नुसते हप्ते भरले असते, तर त्याची स्थिती फार बिकट झाली असती. बेनामी व्यवहार कायद्यात (एकाच्या पैशातून दुसऱ्याच्या नावे मालमत्ता घेण्यावर बंदी घालणारा कायदा) जोडीदाराच्या नावे घेतलेल्या मालमत्तेला अपवाद आहे, पण तो लग्नाच्या जोडीदाराला.

समोर असलेले पर्याय

घर विकून पैसे वाटून घेणं हा सगळ्यात सरळ मार्ग होता. ९५ लाखांच्या आसपास किंमत धरली तर दलाली, दोघांचा भांडवली नफ्यावरचा कर आणि कर्ज वजा जाता जेमतेम ५४ लाख हाती राहत होते. पण तिची नोकरी आणि आईवडील याच भागात. त्याच परिसरात पुन्हा घर घ्यायचं तर स्टँप ड्युटी पूर्ण किंमतीवर भरावी लागली असती.

घर भाड्याने देऊन मालकी तशीच ठेवायची, हा दुसरा विचार. भाडं २६ हजार, हप्ता ४०,२००. दरमहा १४,२०० रुपये खिशातून. शिवाय स्वतः राहत असल्याबद्दल महापालिका मिळकतकरात देते ती ४० टक्के सवलत जाणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोघांची पत त्या कर्जाशी बांधलेली राहणार, त्याला स्वतःचं गृहकर्ज घेताना हेच कर्ज आड येणार. हा पर्याय दोघांनी एका बैठकीत सोडला, ते योग्यच झालं. वेगळं होताना मालकी एकत्र ठेवणं म्हणजे दर महिन्याला एकमेकांना फोन करायचं कारण ठेवणं.

न्यायालयात वाटपाचा दावा करता आला असता. फ्लॅट मधून कापता येत नाही, त्यामुळे वाटप कायदा, १८९३खाली न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं, आणि तशी मागणी झाली की दुसऱ्या सहमालकाला न्यायालयाने ठरवलेल्या किंमतीत तो हिस्सा विकत घेता येतो. म्हणजे वर्षानुवर्षं तारखा करून शेवटी पोचायचं तिथेच, तिने त्याचा हिस्सा विकत घ्यायचा.

चौथा पर्याय त्याच्या एका नातेवाइकाने सुचवला: "दोनशे रुपयांच्या स्टँपवर हक्कसोडपत्र करा, पैशांचं आपसात बघा." हा सल्ला फार घरांत दिला जातो म्हणून त्यावर थोडं थांबू. नाममात्र स्टँपवरचं हक्कसोडपत्र ठरावीक रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यात आणि वडिलोपार्जित मालमत्तेत चालतं. इतर सर्व बाबतींत सोडलेल्या हिस्स्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकीच ड्युटी लागते. स्टँपचं एकवेळ निभावलं असतं, पण आयकराचं काय? आयकर कायदा, १९६१च्या कलम ५६(२)(एक्स)प्रमाणे नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून मोबदल्याशिवाय मालमत्ता मिळाली तर तिचं स्टँप मूल्य हे घेणाऱ्याचं उत्पन्न ठरतं. 'नातेवाईक' या व्याख्येत नवरा-बायको येतात, लग्नाविना जोडीदार येत नाही. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे स्टँप ड्युटीसाठी सरकारने ठरवलेल्या दरांप्रमाणे, फ्लॅटचं मूल्य ७८ लाख, निम्मा हिस्सा ३९ लाख. दस्तात मोबदला शून्य दाखवला असता तर तिच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात ११.७० लाख कर, वर उपकर. (१ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आज हे करणाऱ्याने नवे क्रमांक पाहावेत.)

म्हणून पाचवा मार्ग घेतला. मोबदला स्पष्ट लिहिलेलं, पूर्ण स्टँप भरलेलं, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं आणि कर्ज तिच्या एकटीच्या नावे न्यायचं.

किंमत कशी ठरली

इथे त्यांनी एक चांगली गोष्ट केली. दोघांनी वेगवेगळे व्हॅल्युअर आणण्याऐवजी एकच सरकारमान्य व्हॅल्युअर नेमला आणि फी निम्मी-निम्मी दिली. त्याच्या अहवालात ९५ लाख आले. सोबत नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतले आधीच्या सहा महिन्यांतले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, काढले. तितक्याच क्षेत्रफळाचे दोन फ्लॅट ९४ आणि ९८ लाखांना नोंदले गेले होते. जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा, इंडेक्स टू म्हणजे झालेला व्यवहार. ते दोन कागद समोर ठेवल्यावर १ कोटी ५ लाख आणि ८८ लाख हे दोन्ही आकडे गळून पडले आणि ९६ लाखांवर एकमत झालं. फर्निचर यात धरलेलं नव्हतं.

हिशेब

कर्जाची शिल्लक ३१ ऑगस्ट २०२४ रोजी ३८.४० लाख होती. हीच तारीख हिशेबाची ठरवली. ९६ वजा ३८.४० म्हणजे ५७.६० लाख वाटायचे.

संयुक्त कर्जाला दोघंही पूर्ण बांधील असतात, म्हणून ४६ लाखांचं कर्ज दोघांचं निम्मं-निम्मं धरलं. तिचं योगदान १४ अधिक २३, म्हणजे ३७ लाख. त्याचं ६.०२ अधिक २३, म्हणजे २९.०२ लाख. ६६.०२ लाखांत हे प्रमाण ५६.०४ आणि ४३.९६ टक्के पडतं. तिचा साठ टक्क्यांचा दावा आणि त्याचा पन्नासचा, दोन्ही इथे बाजूला झाले.

त्याच्या वाट्याला ९६ लाखांचे ४३.९६ टक्के म्हणजे ४२.२० लाख. त्यातून निम्मं कर्ज १९.२० लाख वजा केलं की २३ लाख.

त्या अकरा महिन्यांवर मात्र दोन बैठका गेल्या. तिने एकटीने भरलेले हप्ते ४.४२ लाख, त्यातला त्याचा निम्मा भाग २.२१ लाख. ही रक्कम त्याच्या वाट्यातून वजा व्हावी, असं तिचं म्हणणं. त्याने उत्तर दिलं की त्या महिन्यांत स्वयंपाकपाणी, घर, तिच्या आईच्या ऑपरेशननंतरचं सगळं त्याने सांभाळलं. ती नाकारत नव्हती. कायद्याच्या हिशेबात या कामाला रकाना नाही, पण न्याय्य वाटणी करायची तर तो रकाना आपण आखायला हवा. मध्यस्थ म्हणून बसलेल्या वकिलांनी या कामाला किंमत लावायचा प्रयत्न केला नाही. आईची सेवा ताशी दराने मोजायला लागलं असतं तर बैठक तिथेच मोडली असती. निम्मी रक्कम, १.१० लाख, वजा करायची असं दोघांनी मान्य केलं. २३ मधून १.१० गेले, २१.९० लाख राहिले.

फर्निचरची आजची किंमत मूळच्या ४० टक्के धरली, २.२० लाख. त्यात त्याचा भाग १.६० लाख. फर्निचर जागीच राहणार होतं, म्हणून ते त्याला मिळायचे. एकूण २३.५० लाख.

सुट्या वस्तूंची ४१ नगांची यादी झाली. माहेरून किंवा त्याच्या घरून आलेल्या वस्तू आधी बाजूला काढल्या: तिच्या वडिलांनी दिलेला झोपाळा, त्याच्या आईची पितळी भांडी. उरलेल्यांत आळीपाळीने एकेक निवडायची. दीड तासात यादी संपली.

खर्चावर शेवटचा वाद झाला. स्टँप ड्युटी निम्मी त्याने द्यावी असं तिला वाटत होतं. पण भांडवली नफ्याचा कर त्याला भरायचा होता. म्हणून स्टँप तिचा, कर त्याचा, असं ठरलं.

कृती, आणि क्रमाचा प्रश्न

दोघांचे वकील वेगळे होते. सुरुवातीला एकाच वकिलाकडून सगळं करून घ्यायचा विचार होता. त्या वकिलांनीच सांगितलं, "मी मध्यस्थ म्हणून बसेन, पण दोघांच्या वतीने सल्ला देणार नाही." नोव्हेंबरात लेखी समझोतापत्र झालं. त्यात किंमत, हिशेबाची तारीख, रक्कम, मुदत आणि हे सगळं वारसांवरही बंधनकारक राहील अशी अट होती. ही अट महत्त्वाची आहे. दस्त होण्याआधी त्याला काही झालं असतं तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अविवाहित मुलाचा हिस्सा आईकडे गेला असता, आणि तिला सगळी बोलणी पुन्हा पहिल्यापासून त्याच्या आईशी करावी लागली असती. मात्र समझोतापत्राने मालकी बदलत नाही. मालकी नोंदणीकृत दस्तानेच बदलते.

मग बँक. जुन्या बँकेचं म्हणणं, "आधी दस्त नोंदवा, मग सहकर्जदाराचं नाव काढू." तो म्हणे, "कर्जातून नाव निघाल्याशिवाय सही करणार नाही." दोघांचंही बरोबर होतं. हक्क सोडला तरी कर्जाची जबाबदारी सुटत नाही. सही करून बसला असता तर घर तिचं आणि कर्ज दोघांचं, अशी वेळ आली असती.

ही कोंडी फुटली ती कर्ज दुसऱ्या बँकेत नेऊन. नवी बँक ५४.४० लाख देणार होती: ३८.४० लाख जुनं कर्ज फेडायला, १६ लाख त्याचा हिस्सा घ्यायला. ९६ लाखांच्या घरावर हे साधारण ५७ टक्के होतं, त्यामुळे घराच्या किंमतीच्या किती टक्के कर्ज मिळतं या मर्यादेचा प्रश्न नव्हता. ८.७५ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे ४८ हजार, तिचा हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार. दस्ताच्या दिवशी दोन पे ऑर्डर तयार होत्या, एक जुन्या बँकेच्या नावे, एक त्याच्या नावे. फ्लोटिंग दराचं वैयक्तिक गृहकर्ज असल्याने मुदतपूर्व फेडीचा दंड लागला नाही.

हक्कसोडपत्रात मोबदला कसा लिहायचा, यात मोठी चूक होता होता राहिली. पहिल्या मसुद्यात फक्त २१.९० लाख होते. पण तिने त्याचं १९.२० लाखांचं कर्जही अंगावर घेतलं होतं, तोही मोबदलाच. खरा मोबदला ४१.१० लाख. नुसते २१.९० लिहिले असते तर आकडा ३९ लाखांच्या स्टँप मूल्याखाली गेला असता. मग त्याला स्टँप मूल्यावर भांडवली नफा आणि तिला फरकावर कर, अशा दोन नोटिसा आल्या असत्या. ४१.१० लाखांवर ७ टक्क्यांनी स्टँप ड्युटी २,८७,७०० रुपये आणि नोंदणी फी ३० हजार. महिलांना मिळणारी १ टक्क्याची सवलत घर खरेदीच्या दस्तांसाठी आहे, हक्कसोडपत्रात ती गृहीत धरली नाही. मोबदला ५० लाखांच्या आत असल्याने टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापावा लागला नाही. फर्निचरचे १.६० लाख बँकेतून वेगळे दिले आणि वेगळी पावती घेतली. जंगम वस्तूंची किंमत दस्तात मिसळली तर तिच्यावरही विनाकारण ड्युटी भरावी लागते.

फेब्रुवारी २०२५मध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात दोघं, दोन साक्षीदार, अंगठे, फोटो. काम पाऊण तासाचं, त्यामागची तयारी सहा महिन्यांची.

त्यानंतरची छोटी कामं तिने महिनाभरात उरकली. सोसायटीत भागपत्रावरून (शेअर सर्टिफिकेट) त्याचं नाव कमी करणं, नवं नामनिर्देशन, मिळकतकर, वीजमीटर, पाइप गॅस. सोसायटीने हस्तांतरण अधिमूल्याचे (ट्रान्सफर प्रीमियम) २५ हजार मागितले. महापालिका क्षेत्रात हीच कमाल मर्यादा आहे. नवा सभासद येत नसताना हे का द्यायचं, असा वाद घालता आला असता, पण भागपत्र अडकू नये म्हणून तिने भरले.

परिणाम

त्याला २३.५० लाख मिळाले आणि तो कर्जातून मोकळा झाला. त्याचा कर असा निघाला: मोबदला ४१.१० लाख, मूळ खर्च २९.०२ लाख, नफा १२.०८ लाख. साध्या १२.५ टक्क्यांनी कर १.५१ लाख झाला असता. पण २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, महागाई निर्देशांक लावून, २० टक्क्यांनी हिशेब करून कमी येईल तो कर भरता येतो. निर्देशांक २०१८-१९चा २८० आणि २०२४-२५चा ३६३. खर्च ३७.६२ लाखांवर गेला, नफा ३.४८ लाख उरला, कर उपकरासह सुमारे ७२ हजार. खरेदीच्या वेळची स्टँप ड्युटीची पावती सापडली म्हणून तीही खर्चात धरता आली.

तिला घर राहिलं. स्वतःच्या बचतीतून ५.९० लाख मोबदला, १.६० लाख फर्निचर आणि ३.१८ लाख स्टँप व नोंदणी असे १०.६८ लाख गेले, वकील आणि व्हॅल्युअरची फी वेगळी. हप्ता सुमारे आठ हजारांनी वाढला आणि आता तो तिचा एकटीचा आहे. ती हे निभावेल, पण काटकसरीने.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडली ती सप्टेंबरमधली एक चूक. तो घराबाहेर पडल्यावर हप्ता कोण भरणार हे फक्त तोंडी बोलणं होतं. तिला वाटलं तो आपला निम्मा भाग टाकत राहील. त्याला वाटलं ती राहते आहे तर तीच भरेल. संयुक्त खात्यात पैसे अपुरे पडले, हप्ता परत गेला आणि दोघांच्या सिबिल अहवालात उशिराची नोंद आली. नव्या बँकेने लेखी खुलासा मागितला आणि मंजुरी तीन आठवडे रखडली. नंतर असं ठरलं की पूर्ण हप्ता आणि मेंटेनन्स तिने भरायचा, त्याने राहण्याचं भाडं मागायचं नाही. हे दोन ओळींच्या ईमेलवर पहिल्याच आठवड्यात ठरवता आलं असतं. वेगळं राहायला लागण्याच्या दिवशी खात्यात निदान तीन हप्त्यांची रक्कम बाजूला असावी.

जुन्या बँकेकडून मूळ कागद यायला उशीर झाला. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत कागद न दिल्यास बँकेने दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फेडीच्या दिवशीच तारखेची पोच घेतली असती तर पाठपुरावा सोपा झाला असता.

नव्या बँकेकडे आधी जायला हवं होतं. दोघांनी दोन महिने हिशेबावर घालवले आणि मग तिला एकटीला इतकं कर्ज मिळतं का हे पाहिलं. पात्रता कमी निघाली असती तर घर विकण्याशिवाय मार्ग उरला नसता आणि फर्निचरपर्यंतची सगळी बोलणी वाया गेली असती. तत्त्वतः मंजुरीचं पत्र हा पहिला कागद, हिस्स्यांचं गणित नंतर.

आणि २०१८च्या दस्तात 'खरेदीदार क्रमांक १ यांचा हिस्सा ५६ टक्के, क्रमांक २ यांचा ४४ टक्के' एवढी एक ओळ हवी होती. त्याने ड्युटी एका रुपयानेही वाढली नसती. दस्त आधीच झाला असेल, तर कोणी किती घातले, हप्ता कसा भरायचा आणि वेगळं व्हायची वेळ आली तर किंमत कशी काढायची, एवढं लिहिलेला सहमालकांचा करार योग्य स्टँपवर आजही करता येतो. सोबत डाउन पेमेंटची बँक स्टेटमेंट आणि स्टँपची पावती दोघांनीही आपापल्या फाइलमध्ये ठेवावी.